वाडवडिलांच्या रानाचा माग: आजच्या सातबाऱ्यापासून कडई पत्रकापर्यंत

आमच्या घरात एक गोष्ट तीन पिढ्या चालत आली होती: ओढ्याकाठचं रान सावकाराने गिळलं. आजी बांधावर उभी राहून ते रान लांबून दाखवायची. आज ते ज्यांच्याकडे आहे त्या घराशी आमचं बोलणं नव्हतं. लग्नाच्या पत्रिका जायच्या, जेवायला कुणी जात नसे. नोकरीतून सुटल्यावर ठरवलं, एकदा कागद काढून बघू. दोन वर्षं गेली, जाड फाईल झाली आणि गोष्ट पार बदलली. कशी बदलली ते ओघात येईलच. मुख्य सांगायचं आहे ते कामाबद्दल: कोणता कागद कुठे मिळतो, तो वाचायचा कसा आणि मागे जायचं ते कोणत्या क्रमाने.

आमचं गाव पश्चिम महाराष्ट्रातलं, म्हणजे जुन्या मुंबई इलाख्यातलं. मराठवाडा, विदर्भ, कोकण आणि संस्थानी मुलूख इथली दप्तरं वेगळी, त्यांच्याबद्दल शेवटाकडे लिहिलं आहे. खाली येणारे सर्व्हे नंबर आणि आकडे मी बदलले आहेत, हिशेब मात्र खरा आहे.

माग उलटा काढायचा

बहुतेकजण पणजोबांच्या नावापासून सुरुवात करतात. मीही केली. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये जाऊन पणजोबांचं नाव सांगितलं. समोरच्या माणसाने शांतपणे विचारलं, "नंबर काय?" महसुली दप्तर नावाने लावलेलं नसतंच. आधी गाव, मग नंबर, मग साल. शिवाय जुन्या नोंदींत आडनावाचा पत्ता नसतो. "अमुक बिन तमुक", म्हणजे तमुकचा मुलगा अमुक, एवढंच असतं आणि एका गावात तसे चार अमुक सापडतात. तेव्हा आजच्या सातबाऱ्यावरून सुरुवात करायची आणि एकेक पायरी मागे उतरायची. मधली पायरी गाळली की हमखास दुसऱ्याच्या वंशात जाऊन पोचतो.

त्याआधी घरातली ट्रंक उपसा. जुने हस्तलिखित सातबारे, शेतसाऱ्याच्या पावत्या, सोसायटीच्या कर्जाचे कागद, स्टँपवरची खरेदीखतं, काय सापडेल ते. साऱ्याच्या पावतीवर खाते नंबर असतो आणि तो पुढे फार उपयोगी पडतो. मग वंशावळ लिहा. तिच्यात लेकी, विधवा, दत्तक गेलेले, लहानपणी वारलेले, सगळे हवेत. आमच्या वंशावळीत पहिल्यांदा फक्त पुरुष होते, आणि त्यामुळे दोन फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाच्या नोंदी, मला कळलेच नव्हते. प्रत्येक मयताचं साल अंदाजाने का होईना लिहून ठेवा, कारण वारसाची नोंद साधारण त्यापुढच्या वर्ष-दोन वर्षांत सापडते. साल आठवत नसेल तर गाव नमुना 14, म्हणजेच कोतवाल बुक, बघा. गावातल्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी त्यात असतात. अलीकडे कुणबी नोंदींच्या शोधामुळे हे पुस्तक पुष्कळांना ऐकून माहीत झालं आहे.

आजचा सातबारा वाचताना

महाभूमीच्या संकेतस्थळावरून 15 रुपयांत डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा निघतो. सोबत आठ-अ काढा, म्हणजे त्या खात्यावर गावात आणखी कुठे तुकडे आहेत ते कळेल. सातबारा हे दोन नमुने एकत्र जोडून झालेलं पान आहे. वरचा नमुना 7 हक्क सांगतो, खालचा नमुना 12 पीक सांगतो.

आपल्या कामाच्या जागा चार. पहिली, कब्जेदाराच्या नावाजवळ दिलेले फेरफार क्रमांक. जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर ते वर्तुळात असतात. शिडीची पहिली पायरी हीच. दुसरी जागा कंसातली नावं: कंस म्हणजे ते नाव कमी झालं आहे, आणि का कमी झालं ते कुठल्यातरी फेरफारात लिहिलेलं असतं. तिसरी जागा "इतर हक्क" हा रकाना. कूळ, बोजा, विहिरीतला हिस्सा, वाटेचा हक्क आणि पुष्कळदा घरातल्या लेकी तिथे बसवलेल्या असतात. चौथी जागा आकार. हा सरकारी शेतसारा आहे. तो हल्ली इतका किरकोळ वाटतो, की कुणी त्याच्याकडे बघतही नाही.

मला मात्र सगळ्यांत जास्त मदत याच आकाराने केली. आमच्या गट नंबर 612 चं क्षेत्र 1 हेक्टर 21 आर, वर 4 आर पोटखराब (लागवडीला न येणारी जमीन), म्हणजे एकूण 1 हेक्टर 25 आर. आकार 5.75. जुन्या कागदावर क्षेत्र एकर-गुंठ्यांत आणि आकार रुपये-आणे-पैंत असतो. 40 गुंठ्यांचा एकर, आणि गुंठा म्हणजे 33 फूट गुणिले 33 फूट, साधारण 101 चौरस मीटर. त्यामुळे गुंठा आणि आर जवळजवळ सारखेच धरून चालतं. आपले 125 आर म्हणजे साधारण 124 गुंठे, म्हणजे 3 एकर 4 गुंठे. आणि 5.75 म्हणजे 5 रुपये 12 आणे. जुन्या कागदात तो "5-12-0" असा दिसतो. नंबर बदलतात, हेक्टर येतात, नावं बदलतात, पण आमच्या भागात आकार पिढ्यान्‌पिढ्या तसाच राहिला आहे. एखाद्या जुन्या नोंदीत 3 एकर 4 गुंठे आणि 5-12-0 एकत्र दिसलं की समजावं, रान आपलंच.

फेरफाराची शिडी

फेरफार नोंदवही म्हणजे गाव नमुना 6. जुनी माणसं तिला "ड पत्रक" म्हणतात. जमिनीच्या हक्कात काहीही बदल झाला की तलाठी त्यात नोंद घालतो, संबंधितांना नोटीस जाते आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर किंवा रद्द करतो. तलाठ्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, पण गावात अजून तलाठीच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणेन.

सातबाऱ्यावरचे सगळे फेरफार क्रमांक उतरवून घ्या आणि त्यातल्या सगळ्यांत जुन्याची नक्कल मागा. त्या नोंदीत जमीन कुणाच्या नावावरून कुणाच्या नावावर गेली ते असेल. ज्याच्या नावावरून गेली, त्याच्या नावावर ती कशी आली हा पुढचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर आणखी जुन्या सातबाऱ्यावरच्या क्रमांकात. असं उतरत जायचं.

फेरफार वाचताना दोन गोष्टी सांभाळा. एक, शेवटचा शेरा. "मंजूर" असेल तर ठीक. "रद्द" किंवा "तक्रार नोंद" असेल तर त्या वेळी घरात काहीतरी झालं होतं, आणि तक्रारीच्या कामाचा कागद तहसीलमध्ये वेगळा असू शकतो. दोन, आखूड शब्द. "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. हे तीन शब्द ज्यांना माहीत नाहीत त्यांनी पुष्कळ भांडणं उगीच केली आहेत. थोरल्या भावाचं नाव ए.कु.मॅ. म्हणून लागलेलं असेल तर ती जमीन त्याच्या एकट्याची नव्हे, धाकट्यांची नावं त्या तीन अक्षरांमागे दडलेली असतात. पुढे कधीतरी ही अक्षरं कमी होतात आणि थोरल्याचं नाव एकटं उरतं. ती अक्षरं कमी झाली तो फेरफार शोधून काढायचाच. "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता, बहुधा आई. "कोम" आणि "भ्रतार" हे शब्द बाई कुणाची बायको किंवा विधवा ते सांगतात. "पैकी" या शब्दाकडे विशेष लक्ष द्या: "143 पैकी ओढ्याकडील बाजू" असं लिहिलं असेल तर नंबर त्या दिवशी फुटला असं समजा, मोजणी भलेही नंतर झाली असेल.

आमच्या शिडीवर वरून खाली असं दिसलं: माझ्या वडिलांचं नाव 1962 च्या वारस फेरफाराने, आजोबांचं नाव 1949 च्या वाटपाने, त्याआधी थोरल्या आजोबांचं नाव ए.कु.मॅ. म्हणून आणि त्याच्या मागे पणजोबा. वाटपाने सर्व्हे नंबर 143 चे 143/1 आणि 143/2 झाले होते. पण आकारांची बेरीज जुळेना. मूळ 143 चा आकार 17 रुपये 4 आणे, आणि दोन हिश्श्यांचे मिळून साडेअकरा रुपये. पावणेसहा रुपये कमी. तिसरा 3 एकर 4 गुंठ्यांचा तुकडा होता आणि तोच आजीचा ओढा.

गटाच्या मागचा सर्व्हे नंबर

पण 143 पर्यंत पोचण्याआधी एक मोठा अडथळा असतो तो एकत्रीकरणाचा. मुंबईचा तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा 1947 चा. पुढच्या दशकांत गावोगाव योजना राबवली गेली, तुकडे जोडले, अदलाबदल झाली, आणि जुन्या सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. सगळ्या गावांत ही योजना पोचली नाही. तुमच्या सातबाऱ्यावर अजून "143/1" असा हिस्सा असेल तर हा भाग सोडून पुढे जा.

गट असेल तर जायचं तालुक्याच्या उपअधीक्षक भूमि अभिलेख कार्यालयात. लोक त्याला मोजणी ऑफिस म्हणतात. तिथे एकत्रीकरणाचं योजना पत्रक मागा. बोलीत त्याला "नऊ तीन, नऊ चारचा उतारा" म्हणतात. कोणता सर्व्हे नंबर, कोणता हिस्सा कोणत्या गटात गेला ते त्यात दिसतं. शिवाय गट नकाशा आणि मिळाले तर त्या वेळचे जबाब. जबाबात खातेदाराने कोणता तुकडा दिला आणि कोणता घेतला हे लिहिलेलं असतं, खाली सही किंवा अंगठा.

"आमची जमीन कमी झाली" अशा तक्रारींतल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ या टप्प्यात असतं. कधी खरंच चूक होते: पत्रकात एक, नकाशात दुसरं, प्रत्यक्ष ताब्यात तिसरंच. कधी आजोबांनी लांबचा तुकडा देऊन विहिरीजवळचा घेतलेला असतो आणि ती अदलाबदल घरात कुणी सांगितलेली नसते. क्षेत्र कमी आणि आकार वाढलेला दिसला, तर हलक्या जमिनीच्या बदल्यात भारी जमीन आली असण्याचा संभव मोठा. निष्कर्षाला येण्याआधी आकार बघा.

पुनर्लेखन: नावं गळतात ती इथे

हस्तलिखित सातबाऱ्याचं पुस्तक काही वर्षांनी भरायचं आणि मग नवं पुस्तक लिहायचं. साधारण दर दहा वर्षांनी हे पुनर्लेखन होई. कंसातली, म्हणजे कमी झालेली नावं नव्या पुस्तकात घ्यायची नसत, ते बरोबरच. पण लिहिणाऱ्याच्या हातून कंस नसलेलं नावही सुटे, "इतर हक्क" अर्धा उतरे, फेरफार क्रमांकातला एक आकडा बदले. संगणकीकरणात आणखी भर पडली.

म्हणून फक्त आजचा आणि सर्वांत जुना सातबारा घेऊन चालत नाही. मधल्या प्रत्येक पुस्तकातलं आपलं पान घ्या आणि सगळी पानं टेबलावर ओळीने मांडा. एका पानावरचं नाव पुढच्या पानावर नसेल आणि मधे कोणताही फेरफार नसेल, तर तो लेखनप्रमाद, म्हणजे लिहिण्यातली चूक. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 155 खाली तो दुरुस्त करायला तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. मधे फेरफार असेल आणि तो चुकीचा वाटत असेल तर रस्ता वेगळा: कलम 247 खाली प्रांताधिकाऱ्याकडे अपील, मुदत 60 दिवस, उशीर झाला असेल तर त्याची कारणं द्यावी लागतात. हे दोन रस्ते लोक सर्रास एकमेकांत मिसळतात आणि मग दोन वर्षांनी "अधिकारक्षेत्र नाही" म्हणून अर्ज परत येतो.

ही पानं मांडली तेव्हा मला काय दिसलं ते शेवटी सांगतो.

नमुना 12 कडेही दुर्लक्ष नको. जुन्या पीकपाहणीत कसणाऱ्याचं नाव लिहायला रकाना असे. मालक एक आणि वहिवाट दुसऱ्याची असं सलग काही वर्षं दिसलं तर पुढे कुळाची नोंद येणार, हे आधीच ओळखता येतं.

सातबाऱ्याआधी: कडई

आजच्या रूपातला सातबारा पन्नाशीच्या दशकात रुळला. त्याआधीचा हक्काचा कागद म्हणजे कडई पत्रक. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा पहिला कायदा 1903 चा, आणि 1913 मध्ये तो 1879 च्या जमीन महसूल कायद्यात सामावला गेला. म्हणजे बऱ्याच गावांत फेरफाराची शिडी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जाते. त्याखाली हक्काची नोंद मिळत नाही, मोजणीची मिळते.

कडई तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळते, पुष्कळदा मोडी लिपीत. घाबरायचं कारण नाही. अंक देवनागरीसारखेच असल्यामुळे नंबर, क्षेत्र आणि आकार आपले आपण ओळखता येतात. नावांसाठी मोडी वाचक लागतो. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं, तिथून शिकून बाहेर पडलेले वाचक जिल्ह्याच्या ठिकाणी भेटतात. एका सल्ल्यापुरता आगाऊपणा करतो: वाचकाला तुमची घरची गोष्ट आधी सांगू नका. सांगितली की अस्पष्ट अक्षर त्यालाही तुमच्या पणजोबांसारखंच दिसायला लागतं.

आमच्या कडईत तिसऱ्या तुकड्यासमोर सावकाराचं नाव होतं आणि आधार म्हणून 1931 चा फेरफार. म्हणजे आजी खरंच बोलत होती. फेरफारात शब्द होता "मुदत खरेदी", रक्कम 400 रुपये.

इथे दुय्यम निबंधकाचं दार ठोठवायचं. 100 रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या खरेदीचा दस्त नोंदवणं सक्तीचं होतं, म्हणून 400 रुपयांचा दस्त नोंदलेला असणार हे नक्की. त्याखालच्या रकमेची खरेदी नुसता ताबा देऊनही होत असे, तिथे दस्त सापडला नाही तर खट्टू होऊ नका, फेरफार हाच पुरावा. निबंधकाकडे शोध घ्यायचा तो सूचीवरून: एक सूची पक्षकारांच्या नावांची, दुसरी मिळकतीची. सूची क्रमांक 2 वर नंबर सापडला की दस्ताची नक्कल मागता येते. आमच्या दस्तात पाच वर्षांत पैसे फेडले तर जमीन परत, अशी अट होती. पैसे फेडले गेले नाहीत. तिशीतली मंदी, घसरलेले भाव, पणजोबांनी कुठून आणायचे 400 रुपये?

1 एप्रिल 1957

जुन्या मुंबई इलाख्यातल्या कुठल्याही शेताचा माग काढताना या तारखेपाशी थांबावंच लागतं. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा 1948 चा, आणि त्यातल्या दुरुस्तीने 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जो कूळ म्हणून कसत होता, तो कायद्याने मालक मानला गेला. मग शेतजमीन न्यायाधिकरणापुढे कलम 32ग ची चौकशी होऊन किंमत ठरे. ती आकाराच्या 20 पटींपासून 200 पटींपर्यंत. कुळाने ती एकरकमी किंवा हप्त्यांनी भरली की कलम 32म चा दाखला मिळे. सातबाऱ्यावर "इतर हक्कात" कलम 43 च्या बंधनाचा शेरा दिसला तर जमीन या वाटेने आलेली आहे असं धरा. 32ग ची संचिका तहसीलच्या कुळकायदा शाखेत मागायची. तिच्यात दोन्ही बाजूंचे जबाब असतात, आणि माझ्या फाईलमधला सगळ्यांत वाचनीय कागद तोच आहे.

तिसरा तुकडा सावकाराच्या नावावर होता, पण कसत होते ते ओढ्यापलीकडचे शेजारी. तेच, ज्यांच्याशी आमचं बोलणं नाही. पीकपाहणीत वर्षानुवर्षं त्यांच्या आजोबांचं नाव. 32ग मध्ये किंमत ठरली 690 रुपये, म्हणजे 5.75 च्या 120 पट. ती त्यांनी हप्त्याहप्त्याने भरली, चलनांच्या नोंदी संचिकेत आहेत. म्हणजे सावकाराने रान गिळलं हे खरं, पण ते त्याला पचलं नाही. आणि आज ज्यांच्याकडे ते आहे त्यांनी आमचं काहीच घेतलेलं नव्हतं. आमच्या घरातून ते गेल्यानंतर 26 वर्षांनी त्यांनी ते कायद्याने, पैसे भरून मिळवलं. हा कागद मी त्यांना नेऊन दाखवला. त्यांनाही ही संचिका पहिल्यांदाच बघायला मिळत होती. चहा झाला.

त्याहून मागे, आणि इनामाच्या वाटा

फेरफार संपले की मोजणीचे कागद उरतात. मुंबई इलाख्यातली पद्धतशीर मोजणी गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1835-36 मध्ये इंदापूर तालुक्यापासून सुरू केली, त्याआधीची प्रिंगलची मोजणी फसली होती. साधारण तीस वर्षांनी फेरमोजणी होई. आपल्या नंबराचं टिपण, फाळणी नकाशा, गुणाकार बुक, आकारफोड पत्रक हे भूमि अभिलेख कार्यालयात मिळतात. टिपणात साखळी आणि शंकूने घेतलेली मापं असतात. त्यातून मालक कळत नाही, पण बांध कुठे होता ते कळतं. ताबा आणि नकाशा यांचा वाद असेल तर टिपणाइतका वजनदार कागद नाही.

जुन्या नोंदीत "इनाम", "वतन", "जुडी" (इनामावरचा सवलतीचा सारा) असे शब्द दिसले तर वाट बदलते. इनामांचे वर्ग असत. वर्ग 3 म्हणजे देवस्थान आणि 6ब म्हणजे महार वतन, हे दोन तर हमखास लक्षात ठेवावेत, कारण त्यांच्यावर हस्तांतराची बंधनं असतात. परगणा व कुलकर्णी वतनं 1950 च्या कायद्याने, जात इनामं 1952 च्या आणि कनिष्ठ गावकामगारांची वतनं 1958 च्या कायद्याने खालसा झाली. त्यानंतर जमीन कुणाला, किती नजराणा घेऊन आणि कोणत्या शर्तीवर परत दिली, तो आदेश शोधायचा. "नवीन शर्त" किंवा "भोगवटादार वर्ग 2" या शेऱ्यांचं मूळ पुष्कळदा तिथे असतं. पेशवाईपर्यंत जायची हौस असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर आहे. पण तिथे एका साध्या रयतेचं शेत सापडेल ही आशा ठेवू नये. वतनदार घराणं असेल तरच तिथला प्रवास सार्थकी लागतो.

बाकीच्या मुलखात

मराठवाड्यात निजामी दप्तर. तिथे सेतवार (सर्व्हे नंबरवार मोजणी-आकारणीचं पत्रक) आणि 1954-55 चं खासरा पाहणी पत्रक हे आधाराचे कागद. जुने कागद उर्दूत आणि सालं फसली सनातली, म्हणजे निजामी महसुली सनातली. फसली सालात 590 मिळवले की इसवी सन मिळतो, म्हणजे 1340 फसली म्हणजे 1930-31. नावांत "बिन" ऐवजी "वल्द" दिसेल. कुळकायदाही वेगळा, हैदराबादचा 1950 चा.

पूर्व विदर्भात मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा मालगुजार गोळा करून भरी. तिथे 1954-55 चा अधिकार अभिलेख आणि त्यामागे बंदोबस्त मिसल (जुन्या जमाबंदीची संचिका) शोधतात. वऱ्हाडात मात्र मोजणी मुंबईच्या धर्तीची. कोकणात खोती, म्हणजे गावाचा सारा खोत गोळा करून भरी. 1949 च्या खोती निर्मूलन कायद्याआधीच्या नोंदींत खोताचं नाव सगळ्या गावावर दिसतं, त्यावरून "सगळं गाव त्यांचं होतं" असा अर्थ काढू नये. खाली कसणारे धारेकरी आणि कुळं वेगळी असत. कोल्हापूर, सांगली, औंध, फलटण, भोर, सावंतवाडी अशा संस्थानांची दप्तरं विलीनीकरणानंतर निरनिराळ्या ठिकाणी गेली. कोल्हापूरला स्वतंत्र पुराभिलेखागार आहे. गोव्यात सातबाऱ्याच्या जागी फॉर्म एक व चौदा, आणि त्यामागे पोर्तुगीज काळातली नोंदणी.

जिल्हा-तालुक्यांच्या फुटी विसरू नका. सिंधुदुर्ग आणि जालना 1981 चे, लातूर 1982 चा, नंदुरबार आणि वाशीम 1998 चे, पालघर 2014 चा. 1960 पर्यंत सांगलीचं नाव दक्षिण सातारा होतं. तुमच्या तालुक्यात जुनं पुस्तक नसेल तर ते जुन्या मुख्यालयातच राहिलं असेल.

कचेरीतलं वागणं

आधी "आपले अभिलेख" या संकेतस्थळावर बघा. जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन करून तिथे ठेवलेले आहेत. सगळ्या गावांचं सगळं तिथे नाही, पण निम्मी धावपळ वाचू शकते. कचेरीत अर्ज देताना गाव, नंबर, कागदाचा प्रकार आणि सालांचा टप्पा लिहा: "मौजे अमुक, स.नं. 143, कडई पत्रक व फेरफार क्र. अमुक". "आमच्या जमिनीचे सर्व जुने कागद" असा अर्ज कुणीही बाजूला सारेल, मीही सारला असता. पोच घ्या. दाद मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा 10 रुपयांचा अर्ज, 30 दिवसांची मुदत. कागद सापडत नाही असं उत्तर आलं तर तेही लेखी घ्या. "जीर्ण, हाताळण्यायोग्य नाही" हा शेरासुद्धा पुढे कामाला येतो.

एका कचेरीत मला सांगितलं, "तुमच्या गावाचं 1928 ते 36 चं पुस्तक नाही." दुसऱ्या वेळी दुसऱ्या माणसाने तेच पुस्तक शेजारच्या गावाच्या गठ्ठ्यातून काढून दिलं. तेव्हा एका नकाराने घरी परतायचं नाही.

घरी आल्यावर लांब कागदावर तक्ता करा: साल, नंबर, क्षेत्र, आकार, नाव, आधाराचा फेरफार, नक्कल कुठून घेतली. रिकामी राहिलेली जागा लाल पेनाने. आणि एक ध्यानात ठेवा, फेरफार हा महसुली नोंदीचा भाग आहे, त्याने मालकी निर्माण होत नाही. मालकीचा वाद दिवाणी न्यायालयाचा. दावा लावायचा विचार असेल तर हा तक्ता घेऊन वकिलाकडे जा.

आता त्या टेबलावर मांडलेल्या पानांबद्दल. 1962 च्या वारस फेरफारात आजोबांचे वारस म्हणून माझे वडील कब्जेदार सदरी, म्हणजे कब्जेदाराच्या रकान्यात, आणि दोन आत्यांची नावं "इतर हक्कात". हिंदू वारसा कायदा तोवर सहा वर्षं जुना झाला होता, पण गावोगाव रीत हीच होती. पुढच्या पुस्तकात दोघींची नावं आहेत. त्याच्या पुढच्या पुस्तकात नाहीत. कंस नाही, फेरफार नाही, हक्कसोड पत्र नाही. मी दुय्यम निबंधकाकडे तीन वेळा शोध घेतला.

थोरली आत्या गेली, तिची मुलं मुंबईत आहेत. धाकटी 84 वर्षांची आहे. तिच्याकडे गेलो, दोन्ही पानं समोर ठेवली आणि कलम 155 च्या अर्जावर तिची सही मागितली. ती बराच वेळ पानं बघत होती. मग चष्मा काढून म्हणाली, "माझं नाव दादाने लिहून घेतलं होतं होय? मला कुणी बोललंच नाही." अर्ज तहसीलमध्ये दाखल आहे. दुरुस्ती झाली तर नाव परत "इतर हक्कात" येईल, तिथून कब्जेदार सदरी आणायला वेगळी कारवाई लागेल. पुढची तारीख सोमवारी आहे आणि तिला रिक्षाने न्यायचं ठरलं आहे.